उन्हाळ्यात डोंगरवाटांचे फाटक पहाटे उघडावे : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री महोदय,
सादर नमस्कार.

डोंगरातील लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करणाऱ्यांपैकी मी एक आहे. आमची शर्यत उन्हाळ्याच्या अखेरीस होते, त्यामुळे सर्वांत मोठ्या अंतरांचा सराव नेमका सर्वांत कडक उन्हाच्या आठवड्यांत करावा लागतो. आमच्या सरावाच्या वाटांचे फाटक मात्र बाराही महिने सकाळी ७ वाजता उघडते. त्या वेळी सुरू केलेला चार तासांचा सराव ११ वाजता संपतो आणि पायांत त्राण उरलेले नसते तो शेवटचा तास तापलेल्या खडकांवर काढावा लागतो. उन्हाळ्यापुरते हे फाटक पहाटे ५ वाजता उघडावे, अशी माझी विनंती आहे.

शर्यत उन्हात होणार असेल तर सरावही उन्हातच व्हायला हवा, असे यावर कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. साधारण १० ते १४ दिवस रोज थोडा वेळ उष्णतेत व्यायाम केला की रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, घामावाटे मीठ कमी जाते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. परंतु ही सवय कमी वेळाच्या, संथ सरावाने लावायची असते. मोठ्या अंतराचा सराव आणि उन्हाची सवय एकाच दिवशी शरीरावर लादणे धोक्याचे असते, आणि फाटकाच्या वेळेमुळे आमच्यापुढे दुसरा पर्यायच राहत नाही. पळताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णतेत जातो. चढावर श्रम तेवढेच राहतात, पण वेग मंदावल्याने अंगाला वारा लागत नाही आणि घाम वाळत नाही. टोकियो ऑलिंपिकमधील महिलांची मॅरेथॉन उष्णतेच्या भीतीने आधीच साप्पोरोला हलवली होती; तरीही ७ ऑगस्ट २०२१ रोजी ती ठरलेल्या ७ ऐवजी सकाळी ६ वाजता सुरू करण्यात आली. जगातील उत्तमोत्तम धावपटूंसाठीही एका तासाचे एवढे मोल होते.

गेल्या उन्हाळ्यात माझा एक सोबती परतीच्या वाटेवर असंबद्ध बोलू लागला आणि फाटकाजवळ कोसळला. आम्ही त्याला सावलीत निजवले आणि गाडीची वाट पाहत बसलो. शेजारी पाण्याने भरलेली दोन पिंपे होती. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर जाते. रुग्णाला जागच्या जागी, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत, थंड पाण्यात बुडवून ते उतरवायचे आणि मगच रुग्णालयात हलवायचे, हे आम्हाला नंतर कळले. तो वाचला, पण मूत्रपिंडांना इजा झाल्याने त्याला कित्येक दिवस रुग्णालयात राहावे लागले. ती पिंपे अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणून प्रत्येक फाटकाशी माणूस मावेल असा एक टब, बर्फाची सोय आणि हा उपचार शिकवलेला एक तरी पहारेकरी असावा, ही माझी दुसरी विनंती, आणि ती पहिलीइतकीच निकडीची आहे.

या वाटा वनखात्याच्या अखत्यारीत आहेत, याची मला जाणीव आहे. पहाटे वन्यप्राण्यांचा वावर असतो, ही त्या खात्याची काळजीही रास्त आहे. ज्या वाटांवर तो अधिक आहे त्या वगळाव्यात आणि उरलेल्यांवर गटाने जाण्याची व नावनोंदणीची अट घालावी. आम्ही ती आनंदाने पाळू. मात्र पळणाऱ्यांची बाजू त्या खात्यापुढे मांडायला आपल्याखेरीज कोणी नाही. उन्हाळा तोंडावर आहे आणि सरावाचे पहिले आठवडे सुरू झाले आहेत, तेव्हा दोन्ही खात्यांची बैठक याच महिन्यात बोलवावी. बोलावणे आल्यास त्या दिवशी काय घडले हे सांगायला मी आणि माझा सोबती दोघेही येऊ.

आपला नम्र,
एक धावक