सिंगचुंगच्या दादांना, भांडुपहून

दादा, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीय, त्यामुळे हेच सगळं मी हिंदीत बोलून व्हॉइस नोट पाठवणारच आहे, पण आधी मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही आणि तुमच्या गावची मुलं तिकडे अरुणाचलात जंगल आणि पक्षी राखायला काय करताय ते आमच्याकडच्या लोकांना कळायला पाहिजे असं मला फार वाटतं. बाबांचाही आग्रह आहे. "त्या मुलाचे आभार नीट मान, नुसतं थँक्यू टाकून मोकळी होऊ नकोस" हे आल्यापासून चालूच आहे त्यांचं.

तुम्ही आमचे वाटाडे होतात, बाबांना चार दिवस बघितलंत तेवढंच, म्हणून थोडं सांगते. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. सकाळची ड्युटी संपली की घरी येऊन जेवायचे आणि दुर्बीण घेऊन पंपिंग स्टेशनच्या खाडीवर, नाहीतर शिवडीला फ्लेमिंगो बघायला, नाहीतर आरेत. आमच्याकडे लग्नाच्या अल्बमपेक्षा पक्ष्यांच्या वह्या जास्त आहेत. त्यातल्या एका वहीत २००६ सालचं पेपरातलं कात्रण डकवलेलं आहे, आता पिवळं पडलंय, भारतात नवा पक्षी सापडला अशी बातमी. तुमचा बुगुन लिओसिक्ला. तेव्हापासून बाबांच्या डोक्यात तो बसलाय. पण अरुणाचल म्हणजे केवढा खर्च, मग आमची शिक्षणं, मग आईचं आजारपण, राहत गेलं ते राहतच गेलं. आणि आता सत्तरी आल्यावर गुडघे बोलायला लागले तेव्हा मी ठरवलं की आता नाही तर कधीच नाही.

इकडच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते की हा पक्षी सापडला कसा, कारण ती गोष्ट मला अजून पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते. रमणा आत्रेय हे मुळात खगोलशास्त्रज्ञ, काम पुण्यात, आणि नाद पक्ष्यांचा. १९९५ मध्ये त्यांना अरुणाचलच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात, ईगलनेस्ट अभयारण्याच्या डोंगरात, दोन पक्षी दिसले जे कुठल्याच पुस्तकात बसेनात. बस, तेवढंच. मग थेट २००५ मध्ये पुन्हा दिसले. म्हणजे दहा वर्षं त्या माणसाने ते दोन पक्षी डोक्यात ठेवले! २००६ च्या मे महिन्यात जाळ्यात पकडून मोजमापं घेतली, फोटो काढले, आणि सोडून दिले. जाळ्यात सुटलेली पिसं तेवढी ठेवली.

हे सोडून देणं किती मोठं आहे ते बाबांनी मला समजावलं. नवा पक्षी जाहीर करायचा तर त्याचा एक नमुना, म्हणजे मारून पेंढा भरलेला पक्षी, संग्रहालयात ठेवायचा हीच जुनी रीत. आमच्या फोर्टमध्ये हॉर्नबिल हाऊस आहे, बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, तिथे असे हजारो पक्षी खणांमध्ये जपून ठेवलेत. आपले सलीम अलीसुद्धा लहानपणी खेतवाडीत राहायचे, एअरगनने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बीएनएचएसच्या तेव्हाच्या जागेत विचारायला गेले आणि तिथून सगळं सुरू झालं. तो काळच तसा होता आणि त्या नमुन्यांमुळेच आज आपल्याला एवढं माहितीय, ते कोणी नाकारत नाही. पण २००६ ला या पक्ष्याचे माहीत असलेले एकूण पक्षी होते १४. चौदातला एक मारायचा? आत्रेयांनी नाही मारला, पिसं, फोटो आणि आवाजाच्या रेकॉर्डिंगवर वर्णन लिहिलं आणि नाव दिलं तुमच्या लोकांचं, बुगुन जमातीचं. बाबा म्हणतात त्या दिवसापासून त्या माणसाला ते सलाम करतात.

आता आमच्या ट्रिपकडे येते. गुवाहाटी, तेजपूर, भालुकपोंग, टेंगा, मग वर तुमचं सिंगचुंग आणि लामा कॅम्प, म्हणजे पक्षी बघायला येणाऱ्यांचा जंगलातला मुक्काम. वळणांनी बाबांचं डोकं गरगरलं होतं, कॅम्पवर पोचलो तेव्हा धुकं आणि थंडी, आणि ते श्वास जरा जोरात घेतायत हे मला जाणवत होतं पण मी बोलत नव्हते, कारण बोलले असते तर त्यांनी ऐकलं नसतं. तुम्ही मात्र पहिल्या संध्याकाळीच ओळखलंत. काही न विचारता त्यांची सॅक उचललीत, गरम पाण्याचा ग्लास हातात दिलात आणि म्हणालात, "अंकल, कल आप मेरे साथ धीरे चलेंगे." मला तेव्हाच हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप भराभर पुढे निघाला. तुमच्यासोबतचा दुसरा मुलगा त्यांच्याबरोबर होता. बाबा दोनशे पावलांवर थांबले. तुम्ही मला म्हणालात दीदी तुम्ही जा, मी आहे. मी जात नव्हते तर बाबाच ओरडले, जा म्हणून. मागे वळून बघितलं तेव्हा तुम्ही रस्त्याच्या वळणावरच्या दगडावर पोतं दुमडून ठेवत होतात, आधी स्वतः बसून बघितलंत डगमगतोय का, मग बाबांना बसवलंत. ते पोतं, तुमचे चिखलाने भरलेले गमबूट आणि बाबांची माकडटोपी, एवढं त्या धुक्यात दिसत होतं मला.

आम्ही पुढे बरंच चाललो. खूप पक्षी दिसले, खोटं कशाला सांगू, मजा आली, पण तो नाही दिसला. परत आलो तर तुम्ही दोघं तसेच बसलेले आणि बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं काही झालं. तर ते फक्त म्हणाले, "आला होता गं. जोडी होती."

मी तो पक्षी पाहिलेला नाही. नंतरच्या दिवसांतही नाही दिसला मला. पण बाबांनी पाहिला आणि मला एवढ्यांदा सांगितलंय की माझ्याही डोळ्यांसमोर आहे. रस्त्याखालच्या झुडपांत आधी शीळ ऐकू आली, वरून खाली उतरत येणारी, मोकळी. तुम्ही त्यांचा हात दाबलात आणि बोट न दाखवता फक्त मान वळवलीत. मग बांबूच्या मागून राखाडी-हिरवट पाठ, काळी टोपी, आणि डोळा नि चोच यांच्यामध्ये नारिंगी-पिवळा ठिपका, बाबा म्हणतात हळदीचं बोट लावल्यासारखा. पंख जरा उघडला तेव्हा लाल, पिवळा, पांढरा एकदम दिसला. शेपटी काळी आणि तिच्या टोकाला लाल. एका फांदीवरून दुसरीवर, पानं उलटी करून खाली काही शोधत, आणि मग उतारावरून खाली गेला. किती वेळ ते बाबांना सांगता येत नाही. कंडक्टर माणूस, आयुष्यभर घड्याळ बघून काम केलं, आणि म्हणतात मी घड्याळ बघितलंच नाही.

त्या दगडावर बसल्या बसल्या तुम्ही त्यांना अजून एक गोष्ट समजावलीत, तीही त्यांनी मला जशीच्या तशी सांगितली. हातातली काठी समोरच्या उतारावर आडवी धरून तुम्ही म्हणालात, "नीचे नहीं, ऊपर भी नहीं, बस इतना." साधारण दोन हजार ते साडेतेवीसशे मीटर उंची, त्यातही दाट जंगलाच्या कडेची झुडपं, बांबू, छोटी झाडं. एवढ्याच पट्टीत तो राहतो. हिमालयातल्या पुष्कळ पक्ष्यांचं असंच असतं, आपापल्या उंचीच्या पट्टीत राहतात, खाली उष्णता वाढली की वर सरकतात आणि वर सरकायला डोंगर संपतो. याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद चीनच्या सिचुआनमध्ये, हजार किलोमीटरच्याही पलीकडे. मधे या दोघांपैकी कोणीच नाही. आता तर तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

आणि तरी आमच्याच ग्रुपमधल्या एकाने त्या दिवशी दुपारी मोबाईलला स्पीकर जोडला, याच पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बाहेर बोलवायला. एवढ्या लांबून आलोय, फोटो पाहिजे, पैसे भरलेत, असं सगळं ऐकवलं त्याने. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात की आत्ता घरटी करायचे दिवस आहेत, दुसरा नर आला असं समजून हा घरटं सोडून भांडायला येतो, दमतो, आणि इथे एवढे थोडे उरलेत की एका जोडीची अंडी गेली तरी फरक पडतो. इथे वाजवायचं नाही. त्याने स्पीकर बॅगेत ठेवला. पैसे देणाऱ्या गिऱ्हाईकाला नाही म्हणायला काय लागतं ते मला माहितीय, मी स्वतः काउंटरवर बसते. यासाठी तुमचे वेगळे आभार, बाबांच्या आभारांच्या बरोबरीने.

रात्री शेकोटीपाशी दालभात आणि ती जाळ काढणारी मिरचीची चटणी खाताना तुम्ही जे सांगितलंत त्यामुळे तर मी हे पत्र लिहायला बसले. की हे जंगल तुमच्या गावाचं स्वतःचं. लाकूड विकून पैसे आले असते. त्याऐवजी गावाने मिळून ठरवलं आणि २०१७ मध्ये १७ चौरस किलोमीटरचं सामुदायिक राखीव जंगल जाहीर झालं, आणि गावचीच पोरं तिथे गस्त घालतात. १७ चौरस किलोमीटर म्हणजे आमचं बोरिवलीचं नॅशनल पार्क शंभरावर चौरस किलोमीटरचं आहे, त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं. ते ऐकून बाबा गप्प झाले होते ना, का ते सांगते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आरेत रात्रीच झाडं कापायला सुरुवात झाली आणि बघता बघता दोन हजारांवर झाडं गेली. बाबा त्या रात्री झोपले नव्हते. त्यांची तिथली रोजची वाट होती. आमच्या हातात घोषणा देण्यापलीकडे काही नव्हतं. तुमच्याकडे ठरवणारे तुम्ही, राखणारे तुम्ही, येणाऱ्या पाहुण्यांचे पैसे पण गावात राहतात, आणि पक्ष्याला नावच तुमचं. मला वाटतं तो पक्षी यामुळेच टिकलाय, नुसत्या कायद्याने टिकला नसता. जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की लामा कॅम्पलाच राहा, गावातलाच वाटाड्या घ्या, आणि तो नाही म्हणाला की ऐका.

डॉक्टरांकडे जाऊन आलो, बाबा ठीक आहेत. आता शेजारच्या पोरांना रविवारी खाडीवर नेतात आणि वहीतलं ते पान दाखवतात. कात्रणाच्या खाली तारीख, "लामा कॅम्पच्या खालचं वळण, जोडी" आणि त्याखाली तुमचं नाव लिहिलंय. ते नाव मी इथे देत नाही, तुम्हाला न विचारता नको.

अजून एक. तुम्ही म्हणाला होतात की गस्तीवरच्या सगळ्या मुलांकडे दुर्बिणी नाहीत. बाबांकडे दोन आहेत, त्यातली चांगली ते पाठवतायत, जुनी स्वतःला ठेवणार म्हणतात, खाडीवरचे पक्षी मोठे असतात तिला चालतात. पट्टा नवीन घातलाय, लेन्स पुसून कापडात गुंडाळून ठेवलीय, सोबत थोडी शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की पण आहे. फक्त पार्सल सिंगचुंगच्या पत्त्यावर पोचतं की टेंग्याला पाठवून तुम्ही घेऊन जाल, ते कळवा. पिनकोड आणि फोन नंबर व्हॉट्सॲपवरच टाका, इथे नको.

तुमची,
भांडुपची दीदी