बाबा, ती जळजळ अंगावर काढू नका

आई, बाबा,

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मग माझं राहूनच जातं म्हणून लिहितोय. आई, हे बाबांना वाचून दाखव, त्यांचा चष्मा सापडेपर्यंत थांबू नको.

परवा तू म्हणालीस अँब्युलन्स सोड, परत आयसीयूत जा. आणि बाबा चिपळूणात अजून "मुलगा हॉस्पिटलात आहे" एवढंच सांगतात, नर्स आहे म्हणत नाहीत, माहितीय मला. इथे सगळे ब्रदर म्हणतात, मला आवडतं.

आयसीयूत पेशंट आपल्याकडे येतो, ऑक्सिजन भिंतीतच, हाक मारली की डॉक्टर. इथे आपण त्याच्या घरात जातो. १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, आमच्या गाडीत मी आणि ड्रायव्हर मामा, डॉक्टर फोनवर. म्हणजे समोर काय चाललंय ते मीच बघायचं आणि मीच धड सांगायचं, वॉर्डात हे कधी वाट्याला आलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात लालबागला चाळीत तिसरा मजला. काका बाबांच्याच वयाचे, बनियन घामाने भिजलेलं, आणि म्हणे सोडा प्यायलो की बरं वाटेल. ईसीजीचे स्टिकर छातीला चिकटेनात, काकूंचा टॉवेल घेऊन पुसून पुसून लावले. ईसीजीच्या पट्टीचा फोटो पाठवला तर लगेच डॉक्टरांचा फोन, अ‍ॅस्पिरिन चावायला दे आणि निघ. लाकडी जिन्यात स्ट्रेचर वळेना, चालवायचं तर नाहीच, हार्टवर ताण येतो, मग प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चाळीतल्या पोरांनी उतरवलं, मी पुढे उलटा उतरत, त्यांच्या तोंडाकडे बघत. काकूंचं मागून एकच, वाचतील ना? मी म्हटलं काकू, जुनी फाइल घ्या, पायात चप्पल घाला. हाताला काम लागलं की रडं जरा थांबतं, हे मला मामांनी शिकवलं, कॉलेजात नाही.

मग ट्रॅफिक. अँब्युलन्सला वाट दिली नाही तर २०१९ च्या कायद्याने १०,००० रुपये दंड आहे, पण सरकायला जागा तरी हवी ना! काकांना कॅथलॅबमध्ये, म्हणजे हार्टची बंद नस उघडतात त्या खोलीत नेलं, पुढचं मला माहीत नाही. बहुतेकदा कळतच नाही. आधी फार त्रास व्हायचा, अजून थोडा होतो.

बाबा, तुम्हीपण गेल्या महिन्यात जळजळ म्हणून सोडाच घेतलात ना? तुम्हाला शुगर आहे, शुगरवाल्यांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसता घाम, दम, नाहीतर जबडा नि हात दुखतो. तसं झालं तर कुणाच्या बाइकवर बसायचं नाही, १०८ लावायचा, फुकट आहे. शनिवारी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा, मला फोटो टाका.

आणि आई, पडवीच्या दारातलं ते जुनं कपाट हलवून घे, तिथून स्ट्रेचर वळणार नाही.