काकांचा कॉम्प्युटर कबाड्याला देऊ नकोस

टोरांटो, १२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भर मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातलं घर आवरायला काढलंस, धन्य आहेस! पण माळ्यावरचा काकांचा कॉम्प्युटर कबाड्याला देऊ नकोस. निदान मी दिवाळीत येईस्तोवर.

काकांच्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आपल्या नावावर होईल का, असं फोनवर विचारलंस. अरे, 'द मास्टर जीनिऑलॉजिस्ट' २०१४ सालीच बंद पडलं. लायसन्स म्हणजे नुसती वापरायची परवानगी, तीही काकांच्या नावाने. ती आपल्याकडे वळवायची तर देणाऱ्याने हो म्हणायला हवं, आणि विचारायला तिथे आता खिडकीच नाही. सातबाऱ्यावर वारस चढवायला निदान तलाठी तरी असतो.

आत भरलेली माणसं मात्र आपली. म्हणून मशीन चालतंय तोवर कूलरसमोर ठेवून सुरू कर आणि प्रोग्राममधूनच बॅकअप घे. नावाच्या शेवटी एसक्यूझेड असलेली फाइल तयार होईल. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक छोटीच्या लॅपटॉपवर. खरेदीचा नंबर काकांच्या डायरीत असेल, त्या पानाचा फोटो पाठव.

आत्या म्हणते, जेडकॉम फाइल (वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची असते ती) काढली की झालं. नाही होत. काका प्रत्येक लग्नाला साक्षीदार जोडून ठेवायचे. आजीच्या लग्नात आंतरपाट कोणी धरला, मंगलाष्टकं कोणी म्हटली, सगळं. जेडकॉममध्ये लग्न येतं, ही मंडळी गळून पडतात. रूट्समॅजिक नावाचं वंशावळीचं दुसरं सॉफ्टवेअर त्या जुन्या फाइली थेट वाचतं आणि त्यात एका प्रसंगाला अनेक माणसं जोडताही येतात. ते मी विकत घेतो, पण छोटीच्या नावाने. पुढे तिलाच बघायचंय.

अजून एक भानगड आहे. त्या सॉफ्टवेअरला देवनागरी चालायची नाही, म्हणून काकांनी अख्खं घराणं रोमन लिपीत टाइप केलंय. त्यात काळे आणि काले सारखेच दिसतात. काटोलकडच्या शाखेत दोन्ही आहेत म्हणे. छोटीला रोज संध्याकाळी तासभर काकूजवळ बसव. कोण 'ळ'चा आणि कोण 'ल'चा, ते आता काकूलाच ठाऊक आहे.

वहिनीला नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा