कॉर्टिसॉलच्या एका आकड्यावर भिस्त नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सततचा ताण असेल तर रक्तातले कॉर्टिसॉल (ताणात वाढणारे संप्रेरक) तपासा, नैराश्याचा धोका आधीच कळेल, असा सल्ला हल्ली आरोग्य पुरवण्यांतून सर्रास दिला जातो. तो दिशाभूल करणारा आहे.

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच हे संप्रेरक सोडतो, त्यावरून मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरे संप्रेरक सोडते आणि मग अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल. पुरेसे झाले की हेच कॉर्टिसॉल मेंदूतल्या रिसेप्टरना चिकटून साखळी थांबवते. संशोधकांना खरा रस आहे तो या थांबण्यात. नैराश्याच्या काही रुग्णांत हा लगाम ढिला असतो. सगळ्यांत नाही, ही गोष्ट बातम्यांतून हमखास गळते. बालपणी छळ सोसलेल्यांपैकी काहींत तर ताणाला मिळणारा कॉर्टिसॉलचा प्रतिसाद उलट मंदावलेला दिसतो.

लगाम तपासायची डेक्सामेथासोन चाचणी १९८१ मध्ये बरीच गाजली. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखे कृत्रिम स्टेरॉइड; लगाम शाबूत असेल तर ते घेतल्यावर कॉर्टिसॉल उतरायला हवे. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम गोळी. दुसऱ्या दिवशी दुपारी ४ आणि रात्री ११ वाजता रक्त. कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर राहिले तर दोष आहे, असे धरायचे. पण दारू नुकती सोडलेल्यांत, वजन झपाट्याने उतरलेल्यांतही तोच निकाल येई. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही अपस्माराची औषधे चालू असतील तर डेक्सामेथासोनच लवकर निकामी होते. निदानासाठी ही चाचणी मागे पडण्याचे हे एक मोठे कारण.

एकदाच काढलेले रक्त तर आणखी बेभरवशाचे. जाग आल्यावर साधारण अर्ध्या तासात कॉर्टिसॉल शिखर गाठते, रात्री तळाला जाते. वेळ न लिहिलेला रिपोर्ट वाचायचा कसा? इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉल बांधून ठेवणारे प्रथिन वाढते आणि एकूण आकडा फुगतो. उलट दम्याचा स्टेरॉइड पंप किंवा त्वचेचे स्टेरॉइड मलम तो उतरवू शकते. संशोधनात म्हणून लाळ घेतात: डोळे उघडताच, मग ३० आणि ४५ मिनिटांनी. तोवर खाणे नाही, दात घासणेही नाही, कारण हिरड्यांतले रक्त लाळेत मिसळते. पहिला नमुना पंधरा मिनिटे उशिरा घेतला तरी सकाळची चढण चुकीची दिसते.

नैराश्याचे निदान लक्षणांवरून होते: किमान दोन आठवडे उदासी किंवा कशातच रस नसणे आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता यांतले बदल. कॉर्टिसॉल मुद्दाम तपासावे ते उदासीबरोबर पोटावर जांभळे रुंद पट्टे, जरा लागताच काळेनिळे डाग, जिना चढताना मांड्यांत बळ नसणे अशी लक्षणे असतील तेव्हा. तो कुशिंग विकार, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल फार काळ जास्त राहण्याचा आजार, असू शकतो. त्यासाठी एंडोक्रिनॉलॉजिस्टना (संप्रेरकतज्ज्ञांना) दाखवावे.

— जीवरसायन तपासणी क्षेत्रातील वाचक