आठही बैठकांत ‘नाही’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने (फेडने), व्याजदर बदलला की आपल्या अर्थपानावर बातमी येते. अध्यक्ष काय बोलले, आपल्या शेअर बाजारावर काय परिणाम होईल, एवढ्यावर ती संपते. विरोधात कोणी मत दिलं आणि का, हे सहसा सापडत नाही. म्हणून फेडमध्ये असं विरोधी मत देत राहिलेल्या थॉमस होनिग यांच्याविषयी लिहितो. माझी बरीचशी नोकरी शेतीकर्जाच्या खात्यांवर झाली, त्यामुळे असेल, या माणसाची कारकीर्द मला जवळची वाटते.

फेडच्या १२ प्रादेशिक बँका आहेत. त्यांतली कॅन्सस सिटीची बँक म्हणजे गहू, गुरं आणि तेलविहिरींच्या मुलखाची. होनिग तिथे १९७३ मध्ये बँकांवर देखरेख करणाऱ्या विभागात अर्थतज्ज्ञ म्हणून लागले आणि १९९१ ते २०११ अशी वीस वर्षं अध्यक्ष होते. पण त्यांचं खरं शिक्षण झालं ते १९८०च्या दशकात. त्याआधीच्या दशकात महागाईबरोबर जमिनीचे भाव चढत गेले, त्या भावांच्या भरवशावर बँकांनी शेतकऱ्यांना कर्जं वाटली. मग व्याजदर कडाडले, जमिनी उतरल्या, तारण कर्जाला पुरेना. गावोगावच्या बँका बुडाल्या. १९८२ मध्ये ओक्लाहोमा सिटीतली पेन स्क्वेअर ही बँक बंद पडली. तिने तेलधंद्यातली कर्जं वाटून मोठ्या बँकांच्या गळ्यात मारली होती. त्यातच शिकागोची अवाढव्य काँटिनेंटल इलिनॉय अडकली, आणि १९८४ मध्ये तिला मात्र सरकारी यंत्रणेने वाचवलं. लहान बँकेला कुलूप आणि मोठीला टेकू! होनिग पुढे आयुष्यभर याविरुद्ध बोलत राहिले, ते काही पुस्तकातून आलेलं नव्हतं.

कॅन्सस सिटीच्या अध्यक्षांना व्याजदर ठरवणाऱ्या समितीत तीन वर्षांतून एकदा मताची पाळी येते. २०१० मध्ये ती आली. मंदीनंतर दर शून्याला टेकले होते आणि ते दीर्घकाळ तसेच राहतील, असं समिती प्रत्येक निवेदनात सांगत होती. होनिग यांनी आठही बैठकांत विरोधात मत नोंदवलं. नोव्हेंबरात ६०० अब्ज डॉलरचे सरकारी रोखे विकत घेण्याचं ठरलं, तेव्हा मतं पडली १० विरुद्ध १. फुकटात मिळणारा पैसा पुढच्या फुग्याची तयारी करतो आणि ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्याच्या पोटावर पाय देतो, असा त्यांच्या विरोधाचा रोख. त्या दशकात महागाई भडकली नाही, हे त्यांचे टीकाकार सांगतात आणि ते खरंच आहे. मलाही बेरोजगारी ९ टक्क्यांच्या वर असताना दर वाढवा म्हणणं कठोर वाटतं. तरी तो विरोध नावानिशी नोंदला गेला, आणि या अध्यक्षाची नेमणूक फेडच्या वॉशिंग्टनमधल्या मंडळाच्या संमतीने का होईना पण त्याच्याच बँकेच्या संचालक मंडळाने केलेली होती, हे मला मोलाचं वाटतं. (आपल्या रघुराम राजन यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन होल इथल्या परिषदेत वित्तव्यवस्थेतल्या वाढत्या जोखमीचा इशारा दिला, ती परिषदही हीच कॅन्सस सिटीची बँक भरवते.)

आपल्याकडेही २०१६ पासून व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीत कोणी कसं मत दिलं ते जाहीर होतं. २०२४ मध्ये जयंत वर्मा आणि आशिमा गोयल यांनी दरकपातीच्या बाजूने मत दिलं होतं. पण समितीतले निम्मे सदस्य रिझर्व्ह बँकेचे आणि बाहेरचे बहुतेक अर्थतज्ज्ञ. बुडालेली पीककर्जं जवळून पाहिलेला माणूस तिथे कुठून येणार? रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात पश्चिम, पूर्व, उत्तर, दक्षिण अशी चार स्थानिक मंडळं आहेत. त्यांना व्याजदरात मत नाही. मत राहू द्या, निदान प्रत्येक बैठकीआधी आपापल्या भागातली कर्जं, पिकं, रोजगार यांविषयी त्यांनी एक अहवाल मराठीसह स्थानिक भाषांत प्रसिद्ध करावा, असा आग्रह आपल्या दैनिकाने धरावा. आणि पुढच्या पतधोरणाच्या बातमीत विरोधी मताला चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली