युआन श्वांगच्या पॅगोड्यासाठी वेळ हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पानांवर सध्या परदेश सहलींच्या जाहिराती रोज दिसतात. त्यांत ‘प्राचीन चीन’ही असतो. अशाच एका सहलीला मी जाऊन आले. मी मोताळा तालुक्यातली जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. नोकरीभर मुलांना इतिहास शिकवला. आमच्या गटातले बहुतेक लोक मलकापूर, नांदुरा, मोताळा भागातले होते: शेतकरी, निवृत्त शिक्षक, जिनिंगमध्ये हिशेब पाहणारे एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी. कुणी ग्रॅच्युइटी मोडली होती, कुणी सोयाबीनचे पैसे बाजूला टाकत आणले होते. यातल्या कुणाचंही पुन्हा तिकडे जाणं होणार नाही. म्हणून हे लिहिते.

बीजिंगचा राजवाडा, ज्याला निषिद्ध नगरी म्हणतात, तो मिंग सम्राट योंगले याने 1406 ते 1420 या काळात बांधला. आवार 72 हेक्टरांचं, म्हणजे पावणेदोनशे एकरांहून थोडं जास्त. आत जायचं दक्षिणेच्या दारातून आणि बाहेर पडायचं उत्तरेच्या. आम्हाला झेंडीच्या मागे सरळ रेषेत चालवत नेलं. चौकाचौकांत तांब्या-पितळेचे अजस्र रांजण आहेत. सगळा वाडा लाकडी, म्हणून आगीसाठी ते भरून ठेवत आणि हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली विस्तव करत. हे मी बरोबरच्या बायांना सांगू लागले तोवर हाक आली, चला, बस थांबली आहे. बाजूचे महाल, घड्याळांचं दालन, काहीच पाहिलं नाही.

स्वर्गमंदिरातही तेच. तिथे सम्राट पिकपाण्यासाठी प्रार्थना करायला येत असे. गोल मंदिराला 28 लाकडी खांब आहेत: मधले चार ऋतूंचे, भोवतीचे बारा महिन्यांचे, बाहेरचे बारा दिवसरात्रीच्या दोन-दोन तासांच्या भागांचे. आमच्या गटात निम्मे लोक आभाळाकडे पाहून पेरणी करणारे. त्यांना हे तिथे उभं राहून कुणी सांगितलं असतं तर ते जन्मभर विसरले नसते. मी नंतर बसमध्ये सांगितलं, पण तोवर मंदिर मागे पडलं होतं. चीनच्या प्रसिद्ध भिंतीवर गर्दी फार होती आणि पायऱ्या उंच. गुडघे दुखणाऱ्यांना खालीच बसावं लागलं, त्याला कुणाचा इलाज नाही.

शिआनजवळची मातीची फौज मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. 1974च्या मार्चमध्ये दुष्काळात विहीर खोदताना तिथल्या शेतकऱ्यांना मातीच्या माणसांचे तुकडे लागले. तालुक्याच्या संग्रहालयाचे झाओ कांगमिन यांनी ते तुकडे गोळा करून जोडायला घेतले. इसवी सनपूर्व 210 मध्ये वारलेल्या चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीची ती राखण निघाली. सैनिकांची संख्या आठ हजारांच्या घरात असावी असा अंदाज आहे. पहिला खड्डा 230 मीटर लांब आणि 62 मीटर रुंद आहे. साडेतीन एकरांचं एकच वावर आणि त्यावर छप्पर! चेहरे एकासारखे एक नाहीत. हे पुतळे रंगवलेले होते, पण जमिनीतून बाहेर निघताच कोरड्या हवेने रंगाखालचा थर सुटतो आणि काही मिनिटांत रंग गळून पडतो. खुद्द समाधी अजून उघडलेली नाही. नांदुऱ्याकडचे एक काका कठड्याला धरून उभे होते. ते मला म्हणाले, “अवो बाई, विहीर खंदता खंदता निघालं हे? आपल्या वावरात खापरं निघाली तं आपण धुऱ्यावर फेकून देतो.” त्यांना अजून पुष्कळ विचारायचं होतं. पण फाटकापासूनच्या चालण्यासकट तिथे तासभरही मिळाला नाही. दुसरा आणि तिसरा खड्डा, काशाचे रथ, सगळं राहिलं. तिथून निघालो ते याच सैनिकांच्या प्रतिकृती विकणाऱ्या कारखान्यात, आणि तिथे मात्र कुणालाच घाई नव्हती. चहा मिळाला, खुर्च्या मिळाल्या. त्याच्या आधी जेडचं दुकान झालं होतं, रेशमी रजयांचं झालं होतं.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. शिआनमध्ये रानहंसांचा मोठा पॅगोडा आहे. युआन श्वांगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो 652 मध्ये बांधला गेला. हा भिक्षू 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन परतला आणि मरेपर्यंत त्यांची भाषांतरं करत राहिला. महाराष्ट्रातली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं त्याने आपल्याबद्दल लिहून ठेवलं. तेव्हाच्या पुलकेशी राजाबद्दल लिहिलं. राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातला विहार आणि त्याच्या दाराशी असलेले दगडी हत्ती यांचं वर्णन केलं. अभ्यासक हा विहार म्हणजे अजिंठा मानतात. अजिंठा आमच्यापासून लांब नाही. सोळा क्रमांकाच्या लेण्याच्या वाटेवर ते हत्ती आजही आहेत, आणि ते लेणं खोदवलं वराहदेवाने, वत्सगुल्म म्हणजे आपल्या वाशिमच्या वाकाटक राजा हरिषेणाच्या प्रधानाने. हा धडा मी कितीतरी वर्षं शिकवला. पॅगोडा कार्यक्रमपत्रिकेत छापलेला होता. ऐन वेळी सांगण्यात आलं की उशीर झाला आहे, उजव्या खिडकीतून पाहून घ्या. मी डाव्या बाजूला बसले होते. मधल्या वाटेत उभी राहिले तेव्हा वरचे दोन-तीन मजले दिसले. तेवढंच.

गाइड मुलगी कष्टाळू होती, तिला मी बोल लावत नाही. तिच्या हातात जो कागद दिला होता त्याप्रमाणे ती चालली. दोष तो कागद आखणाऱ्यांचा आहे. चीनच्या 2013च्या पर्यटन कायद्यात प्रवासी कंपन्यांनी ठरावीक दुकानांत नेऊन त्यावर कमिशन घेण्याला मनाई आहे. पर्यटकांची संमती किंवा मागणी असेल तरच दुकान ठरवता येतं, आणि नियम मोडून खरेदी करायला लावली तर सहल संपल्यापासून तीस दिवसांत वस्तू परत करून पैसे मागता येतात. आम्हाला संमती कुणी विचारली नव्हती. इथे पैसे भरतानाच हा कायदा मराठीत छापून हातात दिला पाहिजे.

एक गोष्ट गटातल्या लोकांनाही सांगायची आहे. रोज दुपारी पोळी-वरणासाठी बस शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची आणि त्यात अर्धी दुपार सरायची. आपण दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे नेतोच. दुपारचं त्यावर भागवावं आणि रात्री निवांत जेवावं. तो वेळ खड्ड्याच्या कठड्यापाशी घालवता येईल.

कंपन्यांकडे मागणी एवढीच की प्रत्येक ठिकाणापुढे आत किती तास, हे लिहा. दुकानांचे थांबेही वेळेसकट छापा, आणि छापलेलं ठिकाण गाळलं तर पैसे परत करा. शांघाय कमी केलं तरी आम्हाला चालेल. त्याऐवजी शिआनहून लोयांगला न्या. वेगवान रेल्वेने दोन तास लागत नाहीत. तिथे लाँगमेनची लेणी आहेत, आणि श्वेताश्व मंदिराच्या आवारात भारताने बांधून दिलेलं सांचीच्या धर्तीचं मंदिर आहे. 2010 मध्ये त्याचं उद्घाटन तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं. अमरावतीच्या सुनेने उघडलेलं ते दार विदर्भातल्या एकाही यात्रेच्या कागदावर मला दिसलं नाही.

फक्त शिआन आणि लोयांग, पॅगोड्यात आत जाऊन निदान अर्धा दिवस, अशी सहल कुणी आखणार असेल तर आपल्या वृत्तपत्रातून कळवावं. मला पुन्हा झेपणार नाही, पण माझ्या ओळखीतले तालुक्यातले काही तरुण शिक्षक हरभरा निघाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये जायला तयार आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. मोताळा, जि. बुलढाणा