‘माणूस बदलला’ हा काय आरोप आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात सेवानिवृत्तीच्या, पंचाहत्तरीच्या आणि श्रद्धांजलीच्या बातम्या येतात त्या मी सगळ्यात आधी वाचते, ओळखीचं कुणीतरी असतंच. पण एक गोष्ट बरेच दिवस खटकायलीय. त्यातला प्रत्येक माणूस ‘लहानपणापासूनच जिद्दी’, ‘पहिल्यापासून मनमिळाऊ’ असाच असतो. साठ-सत्तर वर्षं जगला, संसार केला, धंदा बसला, परत उभा राहिला, आईवडील गेले, आणि एवढ्या सगळ्यात त्याच्यात काहीच फरक पडला नाही? असं कुठं असतंय हो.

आपल्या सीमाभागात तर ‘बदललास की रे तू’ हे टोचून म्हणायचंच वाक्य आहे. त्याचं कारणही कळतं, १९५६ मध्ये बेळगाव आणि आसपासचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून इथल्या मराठी माणसानं टिकून राहणं हीच मोठी गोष्ट मानली आणि ते बरोबरच आहे. पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते असं मला वाटतं. आमच्या गल्लीत एक काका आहेत, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेले, आता संध्याकाळी पायरीवर बसून नातवाचा कन्नडचा होमवर्क घेतात आणि लोक मागं म्हणतात, काका बदलले. सीमाप्रश्नावरचं त्यांचं मत तसूभर हललेलं नाही, १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, अजून निषेधाची काळी फीत लावतात. बदललंय ते वेगळंच, पूर्वी समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायचे नाहीत, आता शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि मग आपलं म्हणणं मांडतात. निष्ठा तीच आहे, माणूस पिकलाय. याची बातमी कधी होत नाही.

‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण सोयरीक बघताना, भावकीच्या भांडणात सारखं म्हणतो. औषध नसेल, पण स्वभाव बदलतो हे अभ्यासातून नीट पुढं आलंय. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वर्षानुवर्षं त्याच माणसांचा माग ठेवलेल्या अभ्यासांतले ९२ गट एकत्र करून बघितले, तर विशेषतः २० ते ४० या वयात माणसं जास्त जबाबदार आणि मनानं जास्त स्थिर होत जातात असं दिसलं. तरी आपल्याला स्वतःचं ते कळत नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास आला होता, त्यात काहींना विचारलं की गेल्या १० वर्षांत तुम्ही किती बदललात, आणि काहींना, पुढच्या १० वर्षांत किती बदलाल. प्रत्येक वयाचे लोक म्हणाले, आजवर बरेच बदललो, आता इथून पुढं फारसं नाही. गंमत बघा, आज आवडणाऱ्या बँडचा कार्यक्रम १० वर्षांनी बघायला लोक सरासरी १२९ डॉलर द्यायला तयार होते, आणि १० वर्षांपूर्वी आवडायचा त्या बँडचा आता बघायला फक्त ८०. म्हणजे आजची आवड जन्मभर टिकणार असं धरूनच आपण चालतो.

मी संशोधक नाही, वडगावात मागवाल्या विणकरांच्या घरात दिलेली सून, माहेर नंदगड. पण लग्न झाल्यापासून घरखर्चाच्या वह्या लिहिल्यात आणि त्या सगळ्या ठेवल्यात. यंदा कपाट आवरताना ओळीनं वाचून काढल्या. पहिल्या वहीत पानापानावर ‘नंदगड बस’ आहे, नंतर ते कमी होत होत गेलं आणि कधी बंद झालं ते मलाही आठवत नाही. मग ‘फी’, ‘डबा’, ‘ट्यूशन’, कांड्या भरणाऱ्या बायकांची मजुरी. पुढं ‘भिशी’. अगदी अलीकडं पारायणाचा शिधा आणि चष्म्याचा नंबर. हे कुणाच्याही घरी असंच निघेल, पण मला दुसरंच काहीतरी दिसलं. मधेच काही काही महिने वही कोरी आहे. मुलगा शाळेत जायला लागला त्याच्या आधी कोरी, सासरे गेले तेव्हा कोरी, माग विकायचे ठरायच्या आधी तर पानंच्या पानं नुसती तारीख घालून सोडलेली. त्या दिवसांत मी घरात सगळ्यांवर करवादत असायची, जेवण नको, बोलणं नको, हे माझ्या बहिणीला बरोबर आठवतंय, मला नाही. आणि दर वेळी वही परत सुरू झाली ती नव्या खर्चांनी, जवळजवळ दुसऱ्याच बाईनं लिहिल्यासारखी. माझी ठेवणच अशी आहे, बदलायच्या आधी मी गप्प होते.

हे कळल्याचा उपयोग झाला म्हणून मुद्दाम सांगते. गेल्या पावसाळ्यापासून वही परत कोरी पडायलीय, आणि नेमकं याच वेळी मुलगा म्हणतोय घर बिल्डरला द्या आणि पुण्याला या. मी त्याला सांगितलं, नाही म्हणत नाही, पण आत्ता सही करणार नाही, हे दिवस जाऊ देत, पुढं जी बाई वही लिहील तिला विचारून ठरवू. सूनबाईला पटलं. आपल्याकडं कितीतरी वयस्कर माणसं अशाच मधल्या काळात घर, शेत, पेन्शनचा पैसा यांचे निर्णय करून टाकतात, कारण आता मन असंच राहणार असं त्यांना वाटतं.

म्हणून विनंती आहे. निवृत्तीची किंवा पंचाहत्तरीची बातमी घेताना आपल्या वार्ताहरांनी एक प्रश्न जरूर विचारावा, चाळिशीत तुम्ही कसे होता आणि आज काय वेगळं आहे. घरच्यांना पण विचारावं, त्यांना जास्त माहीत असतं. आणि रविवारच्या पुरवणीत थोडी जागा वाचकांना द्यावी, जुन्या वह्या, पत्रं, डायऱ्या बघून स्वतःतला बदल लिहायला. हातानं लिहिलेलं चालेल आणि शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ असं त्यात स्पष्ट छापा, कारण कन्नड शाळेत शिकलेली आपली पोरं मराठी बोलतात छान पण लिहायला बिचकतात, आणि आमच्या वयाच्या बायकांना मोबाईलवर एवढं टाईप होत नाही. आमच्या भिशीतल्या काही जणी लिहायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

आपली नियमित वाचक,
वडगाव, बेळगाव